चिठ्ठीवरचे माथेरान : बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीची वाटचाल

वांगणी स्टेशनाबाहेर उभे राहून पश्चिमेला पाहिले की चंदेरीचा सुळका दिसतो. तिथून नाखिंद, पेब करत डोंगररांग माथेरानला जाऊन भिडते. आषाढात या रांगेवरून पाणी खाली धावू लागले की प्रत्येक लोकलमधून पोरांचे घोळके उतरतात आणि भगीरथ धबधब्याच्या वाटेला लागतात. सगळ्यांचे डोळे कोसळणाऱ्या धारेकडे असतात, कडेच्या कातळाकडे कोणाचे लक्ष जात नाही. सह्याद्रीत अशाच ओल्या, शेवाळलेल्या कातळांवर पावसाळ्यात लांब शेपटीचे चिमुकले जीव चिकटलेले असतात. ती बेडकाची पिल्ले. डबक्यात पोहण्याऐवजी ती खडकावरून झिरपणाऱ्या पाण्याच्या पातळ थरात वाढतात आणि मागचे पाय त्यांना लवकर फुटतात.

कातळावर वाढणाऱ्या या बेडकांपैकी एकाला विज्ञानात नाव मिळाले ते १८८८ मध्ये. मुंबई इलाख्यात नोकरीला असलेले डॉक्टर अँड्र्यू लेथ यांनी गोळा केलेले बेडूक लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये पोहोचले होते. तिथल्या जॉर्ज बूलेंजर यांनी ते तपासले, हे पूर्वी कोणी नोंदवलेले नाहीत हे ओळखले आणि लेथ यांच्या नावावरून त्यांना ‘राना लेथाय’ असे नाव दिले. पुढे त्याला ‘इंडिराना’ या गटात हलवले गेले. ज्या कुळात हा बेडूक मोडतो ते कुळ भारताबाहेर कुठेही सापडत नाही. पण माझ्या मनात घर करून राहिली ती दुसरीच गोष्ट. या प्रजातीचे मूळ ठिकाण म्हणून जगभरच्या ग्रंथांत एकच गाव लिहिलेले आहे, माथेरान. आमच्या दारातून दिसणाऱ्या डोंगराचे नाव सव्वाशेहून अधिक वर्षे एका बेडकाच्या नमुन्याला बांधलेल्या चिठ्ठीवर टिकून आहे.

म्हणून बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचा इतिहास लिहायला बसलो तेव्हा तो या चिठ्ठीपासूनच सुरू करावासा वाटला. १५ सप्टेंबर २०२३ रोजी सोसायटीला १४० वर्षे पूर्ण झाली. या काळात तिथे कितीतरी मोठी माणसे होऊन गेली. त्या सर्वांच्या कामाचा पाया मात्र एकच होता : जीव कुठे सापडला, कधी सापडला, कोणाला सापडला हे खरेपणाने लिहून ठेवायचे आणि ते लिहिलेले पुढच्या माणसासाठी जपायचे.

स्थापना : आठ माणसे

१५ सप्टेंबर १८८३ या दिवशी भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात, मुंबईतील आठ रहिवासी जमले. निसर्गातल्या निरीक्षणांची देवाणघेवाण करावी, मिळालेले नमुने एकमेकांना दाखवावेत, एवढाच त्यांचा हेतू होता. आठांपैकी दोघे आपले होते, डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन.

आत्माराम पांडुरंग यांना महाराष्ट्र प्रार्थना समाजाचे संस्थापक म्हणून ओळखतो. सखाराम अर्जुन हे डॉक्टर तर होतेच, शिवाय वनस्पतिशास्त्राचे अध्यापक होते आणि मुंबईतील औषधी द्रव्यांवर त्यांनी १८७९ मध्ये ग्रंथ लिहिला होता. पुढे डॉक्टर झालेल्या रखमाबाईंचे ते सावत्र वडील. स्थापनेनंतर दोनच वर्षांत, १८८५ मध्ये, ते वारले. संस्थेचे पुढचे वैभव त्यांना पाहायला मिळाले नाही. तरी या देशातल्या झाडापाल्याची आणि प्राण्यांची नोंद इथेच बसून व्हावी, या कामाच्या पहिल्या दिवशी दोन मराठी डॉक्टर हजर होते, हे आपण विसरू नये.

उरलेल्या सहा जणांत एडवर्ड एटकन यांचा उल्लेख करायलाच हवा. त्यांचा जन्म साताऱ्याचा, नोकरी मीठ आणि जकात खात्यातली. घराच्या ओसरीवर आणि अंगणात येणाऱ्या जिवांवर त्यांनी इतक्या प्रेमाने लिहिले की निसर्ग पाहायला जंगलातच जावे लागते, ही समजूत मोडली.

१८८४ च्या जानेवारीत हर्बर्ट फिप्सन या मद्य व्यापाऱ्याने फोर्टमधल्या फोर्ब्स स्ट्रीटवरची आपली जागा संस्थेला दिली. दोन वर्षांनी संस्था अपोलो स्ट्रीटवर गेली. तिथे ‘विल्यम’ नावाचा एक धनेश पक्षी पुढे सव्वीस वर्षे कार्यालयात राहिला. सोसायटीच्या बोधचिन्हावर आज दिसतो तो धनेश त्याची आठवण आहे.

जर्नल : नाव कागदावर उतरते तेव्हा

१८८६ मध्ये सोसायटीचे जर्नल सुरू झाले. संस्थेच्या इतिहासातला हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा मी मानतो. त्याचे कारण समजण्यासाठी नवी प्रजाती ‘नवी’ कशी ठरते ते पाहावे लागेल.

जंगलात काही अनोळखी दिसले म्हणजे शोध लागला असे होत नाही. आधी तो जीव आतापर्यंत वर्णन झालेल्या सगळ्या जवळच्या जिवांशी ताडून पाहायचा. त्यासाठी शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचे लेख आणि जगभरच्या संग्रहालयांतले नमुने चाळावे लागतात. फरक कायमचा आहे, वयाचा किंवा नर-मादीचा नाही, अशी खात्री झाली की मोजमापांसह वर्णन लिहायचे. एक नमुना त्या नावाचा आधार म्हणून नेमायचा, त्याला ‘होलोटाइप’ म्हणतात. मग दोन शब्दांचे नाव द्यायचे. प्राण्यांच्या नावांची ही पद्धत कार्ल लिनियस यांच्या १७५८ च्या ग्रंथापासून मोजली जाते. आणि शेवटी हे सारे प्रसिद्ध करायचे. प्रसिद्ध झाले नाही तर नाव धरले जात नाही. एकाच जिवाला दोघांनी नावे दिली तर सहसा आधी प्रसिद्ध झालेले नाव चालते.

जर्नल नव्हते तेव्हा इथल्या माणसाने पाहिलेली गोष्ट बरेचदा लंडनला जाऊन नाव घेऊन येत असे. जर्नल आल्यावर मुंबईत, आपल्या डोंगरांपासून दोन तासांच्या अंतरावर, नोंदीची वही उघडी झाली. त्या वहीत माथेरान अगदी लवकर आले. उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बर्डवुड यांनी माथेरानच्या वनस्पतींची यादी जर्नलच्या सुरुवातीच्याच वर्षांत दिली. १८९४ मध्ये बेथम यांनी माथेरानच्या ७८ फुलपाखरांची नोंद केली. या यादीचे मोल कळायला सव्वाशे वर्षे जावी लागली. अलीकडच्या अभ्यासकांनी २०११ ते २०१९ अशी वर्षानुवर्षे माथेरान पालथे घालून १४० प्रजातींची यादी प्रसिद्ध केली, तेव्हा तुलनेला हाताशी बेथमचीच यादी होती. ती नसती तर काय टिकले, काय नव्याने दिसले, हे कशाच्या आधारावर सांगितले असते?

सस्तन प्राण्यांची पाहणी : १९११ ते १९२३

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सोसायटीचे मानद सचिव मिलार्ड यांनी मोठे काम अंगावर घेतले. देशातल्या सस्तन प्राण्यांची, विशेषतः उंदीर, चिचुंद्र्या, वटवाघळे अशा दुर्लक्षित लहान प्राण्यांची पद्धतशीर पाहणी करायची. वर्गणी जमवून माणसे नेमली गेली. १९११ मध्ये पहिला मुक्काम पडला तो खानदेशात. हे काम १९२३ पर्यंत चालले आणि सुमारे २५,००० नमुने जमले. प्रत्येक नमुन्याच्या पायाला एक चिठ्ठी बांधलेली असे. त्यावर ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव, नर की मादी, आणि अंग, शेपूट, पाऊल व कान यांची मापे. दिवसभर रानात फिरून आलेला माणूस रात्री कंदिलाच्या उजेडात हे लिहीत बसत असेल, तेव्हा आपल्या अक्षरावर पुढे कोण विसंबणार आहे याची त्याला काय कल्पना असणार!

या पाहणीतली एक नोंद मराठी माणसाला जवळची वाटेल अशी आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात तळेवाडीजवळ बारापेडे नावाची गुहा आहे. १९१२ मध्ये सोसायटीचे प्रेटर यांना तिथे मोठ्या कानांचे, सुट्या शेपटीचे एक वटवाघूळ मिळाले. १९१३ मध्ये ब्रिटिश म्युझियममधील ओल्डफिल्ड थॉमस यांनी त्याला ‘ओटोमॉप्स रॉटनाय’ असे नाव दिले. पाहणीच्या नमुन्यांवर लंडनमध्ये बसून काम करणाऱ्या रॉटन यांच्या सन्मानार्थ हे नाव होते. त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षे हे वटवाघूळ जगात फक्त या गुहेतूनच ठाऊक होते. पुढे ते कंबोडियात आणि मेघालयात आढळले. सह्याद्रीतली एक गुहा एका प्रजातीचा जगातला एकमेव पत्ता होऊन बसली होती, आणि तो पत्ता नीट लिहिलेला होता म्हणूनच पुढच्यांना तिथे परत जाता आले.

खोटी चिठ्ठी

चिठ्ठी खोटी निघाली तर काय होते, याचा धडाही खानदेशानेच दिला.

वनपिंगळा या छोट्या घुबडाचे वर्णन पक्षितज्ज्ञ ह्यूम यांनी १८७३ मध्ये केले. १८८० च्या दशकात खानदेशात काम करणारे अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी शहादा भागातून त्याचे नमुने गोळा केले. त्यानंतर पक्षी दिसेनासा झाला. १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीला आपण तो मिळवला, असा पक्षिसंग्राहक रिचर्ड माइनरट्झहागेन यांचा दावा होता आणि त्या नावाचा नमुनाही होता. पक्षितज्ज्ञ त्या चिठ्ठीवर विश्वासून शोध घेत राहिले. अमेरिकेतील संशोधक पामेला रासमुसेन यांनी जुने नमुने बारकाईने तपासले तेव्हा तो नमुना संग्रहालयातून चोरलेला, नव्याने भरलेला आणि खोट्या चिठ्ठीचा असल्याचे उघड झाले. मग त्यांनी खऱ्या चिठ्ठ्यांवरची ठिकाणे धरली. नोव्हेंबर १९९७ मध्ये बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांच्यासह त्या शहाद्याजवळ पोहोचल्या आणि ११३ वर्षांनी वनपिंगळा जिवंत दिसला.

त्यानंतर सोसायटीच्या अभ्यासकांनी त्याची वस्ती आणि जीवनक्रम यांवर काम केले. २०१४ मध्ये तो आपल्या ठाणे जिल्ह्याच्या बाजूला, तानसा अभयारण्यातही आढळला. एका माणसाने खोटे लिहिले आणि काही पिढ्यांचा शोध भरकटला. डेव्हिडसनने खरे लिहिले होते, म्हणून शतकानंतरही पक्षी सापडला. आमच्या क्षेत्रात प्रामाणिकपणाची याहून मोठी गोष्ट मला ठाऊक नाही.

कपाटातले शोध

१९०८ मध्ये मुंबईतला एक लहान मुलगा पिवळ्या गळ्याची एक चिमणी घेऊन सोसायटीत आला. ही कोणती, हे त्याला विचारायचे होते. मिलार्ड यांनी त्याला ती ओळखून दाखवली आणि कपाटे उघडून भरून ठेवलेल्या पक्ष्यांचे नमुने दाखवले. तो मुलगा म्हणजे पुढचे पक्षितज्ज्ञ सालिम अली. पुढची सगळी कथा सर्वांना ठाऊक आहे. मला त्यातले लक्षात राहते ते उघडलेले कपाट. दाराशी आलेल्या पोराच्या प्रश्नाला संस्थेने मान दिला.

सोसायटीच्या संग्रहात आज एक लाखाहून अधिक नमुने आहेत. त्यात न ओळखलेले जीव दडलेले असू शकतात, हे एका वटवाघळाने दाखवून दिले. १९४८ मध्ये अँगस हटन यांनी तमिळनाडूच्या डोंगरांत एक फळखाऊ वटवाघूळ मिळवले. नेहमीचेच म्हणून त्याची नोंद झाली आणि ते कपाटात गेले. जवळपास पाव शतकाने थायलंडचे किट्टी थोंगलोंग्या यांनी ते पुन्हा तपासले. ते प्रजाती म्हणून तर नवेच होते, त्याच्यासाठी नवा गटही करावा लागला. १९७२ मध्ये त्याचे नाव ठरले ‘लॅटिडेन्स सालिमअलीआय’. चोवीस वर्षे ते कोणी फेकून दिले नाही, वाळवी लागू दिली नाही, चिठ्ठी गळू दिली नाही. संग्रह सांभाळणाऱ्यांचे नाव प्रजातीला सहसा मिळत नाही. पण प्रत्येक अशा शोधात त्यांचा वाटा असतो.

माझा स्वतःचा एक अनुभव इथे लिहितो. कॉलेजात असताना मी सापाची एक कात बाटलीत घालून मोठ्या उत्साहाने प्राणिशास्त्राच्या सरांकडे नेली. त्यांनी विचारले, “कुठं मिळाली? कधी?” मला आठवेना. सरांनी बाटली परत माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “मग ही नुसती कात आहे रे. पुढच्या वेळी आधी लिही, मग उचल.” त्या एका वाक्याने मला वही ठेवायला लावली. सोसायटीचा सभासद झालो तो त्या वहीमुळेच.

नावे देणारे आपले हात

स्वातंत्र्यानंतर नाव देणारे हात बदलू लागले. १९६३ मध्ये सोमण यांनी कोयनेच्या परिसरातील एका भेकाचे वर्णन सोसायटीच्या जर्नलमध्ये केले आणि त्याला कोयनेचेच नाव दिले. तो आज ‘झँथोफ्राइन कोयनाएन्सिस’ म्हणून ओळखला जातो. बेडकाचे माथेरान लंडनच्या चिठ्ठीवर गेले होते, भेकाची कोयना मुंबईच्या पानावर उतरली.

२००३ मध्ये सोसायटीचे वरद गिरी यांनी लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममधील मार्क विल्किन्सन आणि डेव्हिड गॉवर यांच्यासह आंबोलीतल्या एका देवगांडुळाचे, म्हणजे गांडुळासारख्या दिसणाऱ्या बिनपायाच्या उभयचराचे, वर्णन केले. त्याला सोसायटीत आयुष्य घालवलेल्या जे. सी. डॅनियल यांचे नाव दिले. पुढच्याच वर्षी कोयना भागातल्या दुसऱ्या देवगांडुळाला ‘इंडोटिफ्लस महाराष्ट्राएन्सिस’ हे नाव मिळाले. शंभर वर्षांपूर्वी नमुना बोटीने लंडनला जायचा आणि नाव तिकडून यायचे. आता लंडनचे संशोधक सहलेखक झाले आणि नमुने सोसायटीच्या फोर्टातल्या हॉर्नबिल हाऊसमध्ये राहिले.

सोसायटीबाहेरही हे काम वाढले. पुण्याच्या आबासाहेब गरवारे महाविद्यालयातील आनंद पाध्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये आंबोलीतून माथेरानच्या बेडकाच्याच गटातली एक प्रजाती नोंदवली. ती कातळाच्या चिरांत राहते, म्हणून तिचे नाव ठेवले ‘इंडिराना चिरावासी’. लॅटिन वळणाच्या नावांच्या यादीत हा आपला शब्द वाचला की बरे वाटते. २०२१ मध्ये ठाणे परिसरातून नोंदवलेल्या एका उड्या मारणाऱ्या कोळ्याला ‘आयसियस तुकारामी’ हे नाव दिले गेले. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात गोळ्या झेलूनही अतिरेक्याला न सोडणारे शहीद तुकाराम ओंबळे यांच्या नावावरून. लेथ यांचे नाव बेडकाला मिळाले, तसे आपल्या पोलिसाचे नाव कोळ्याला मिळाले. ते नाव आता जगातल्या कोणत्याही भाषेतल्या ग्रंथात असेच लिहिले जाईल.

कामाची साधनेही बदलली. आज बाह्य मापांच्या जोडीला डीएनए तपासला जातो आणि बेडकांचे आवाज ध्वनिमुद्रित करून ताडले जातात. एकच समजल्या गेलेल्या प्रजातीत दोन-तीन वेगळ्या प्रजाती निघतात. २००२ च्या जैविक विविधता कायद्याने नव्या प्रजातीची माहिती नेमून दिलेल्या संस्थेला देणे आणि आधाराचा नमुना तिथे जमा करणे बंधनकारक केले. सखाराम अर्जुन यांच्या पिढीने जे हौसेने आणि जबाबदारीने केले, ते आता देशाचा नियम झाले आहे.

वांगणीहून पाहताना

आमच्या गावाला ही परंपरा परकी नाही. बदलापूर-वांगणी पट्ट्यातल्या नर्सऱ्यांत रोपाच्या पिशवीला नावाची चिठ्ठी लावली जाते. चिठ्ठी हरवलेले कलम कोणत्या जातीचे, हे फळ धरेपर्यंत नीट कळत नाही, हे इथल्या माळ्यांना पक्के ठाऊक आहे. खगोल मंडळाची माणसे मुंबईच्या उजेडातून निघून रात्रभर तारे पाहायला वांगणीत येतात आणि जे दिसले ते वेळेसह टिपतात. म्हणजे नाव जपणे आणि पाहिलेले लिहिणे, दोन्ही आमच्या शिवारात आहेत. आमची नजर आता पायाखालच्या कातळाकडे वळायला हवी.

याची घाई का आहे? माथेरान आणि भोवतालचा २१४.७३ चौरस किलोमीटरचा परिसर २००३ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला. पायथ्याची गावे मात्र झपाट्याने शहर होत आहेत. भातखाचरांच्या जागी इमारती उभ्या राहतात, ओढे गटारांत वळतात. कातळावरून झिरपणाऱ्या पाण्यावर जगणारा जीव तो झरा आटला की दुसरीकडे जात नाही, तिथेच संपतो. नाव मिळण्याआधीच तो संपला, तर तो होता हेसुद्धा कोणाला कळणार नाही. ज्याची नोंद नाही, त्याच्यासाठी कोणी भांडू शकत नाही.

तरुण वाचकांना एक विनंती. जीव पकडू नका, बाटलीत घालू नका. परवानगीशिवाय तसे करणे बऱ्याच जिवांच्या बाबतीत कायद्यात बसत नाही आणि त्याची गरजही नाही. फोटो काढा आणि त्याच्याबरोबर ठिकाण, तारीख, वेळ, पाऊस होता की उघडीप, जीव पानावर होता की दगडावर, हे तिथल्या तिथे लिहा. घरी येऊन आठवणीतून लिहू नका. न ओळखलेल्या जिवाला अंदाजाने नाव देऊ नका, नावाची जागा मोकळी ठेवा. आणि शंका असेल तर कर्जत लोकल पकडून मुंबईला जा, लायन गेटसमोरच्या हॉर्नबिल हाऊसची पायरी चढा. १९०८ मध्ये एका मुलाच्या प्रश्नासाठी याच सोसायटीत कपाट उघडले गेले होते.

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या सातवीतल्या मुलीला घेऊन मी धबधब्याच्या वाटेवर गेलो होतो. एका ओल्या कातळासमोर ती बराच वेळ उकिडवी बसून राहिली. मग तिने वही काढली, छत्री मला धरायला दिली आणि लिहू लागली : वांगणी, सकाळी साडेआठ, बारीक पाऊस, उभा खडक, शेपटीवाली सात पिल्ले, दोघांना मागचे पाय. नावासाठी तिने एक ओळ मोकळी सोडली आणि पान ओले होऊ नये म्हणून वही दप्तरात तळाशी ठेवली.